नऊ बटणांची फेरी

आमच्या तिठ्यावर इनासबाब टेलरला सायकल घेऊन जाताना पाहिलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. आणि त्याला सायकलवर बसलेलं पाहिलंय असा माणूस तर अख्ख्या मालवण तालुक्यात मिळायचा नाही.

सायकल कायम त्याच्या डाव्या हाताला असते, चरायला न्यायच्या गायीसारखी. कॅरिअरला शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं, हँडलला छत्री आणि गळ्यात मापाची टेप. चालता चालता कुणी आडवं आलं तर तो घंटीसुद्धा वाजवतो. "चलणाऱ्या माणसान घंटी कित्याक वाजवूची?" असं मी एकदा विचारलं. "घंटी सायकलीची आसा गे बाय, माजी न्हय," तो म्हणाला आणि पुढे गेला.

अडुसष्ट वर्षांच्या माणसाला मी 'तो' म्हणते म्हणून कुणी नाक मुरडू नये. त्याला अहो-जाहो केलं की तो मागे वळून कोण आलंय ते बघतो.

तो सायकलवर बसत का नाही यावर गावात तट आहेत. काहींच्या मते त्याला येतच नाही. काही म्हणतात, लहानपणी सायकलवरून व्हाळाच्या पाण्यात पडला होता. तळ्याकाठच्या बागवाल्या दाजींचं मत असं की, "सीटीर बसलो तर प्यांटीची इस्त्री मोडात." इनासबाब स्वतः यावर काही बोलत नाही.

त्याचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये एकाच विटेची भिंत आहे. त्याचं मशीन चालू झालं की माझ्या काउंटरवरची पेनं थरथरतात. वीस वर्षं मी त्याचं बोलणं ऐकत आलेय, आणि त्यातलं निम्मं बोलणं एकच आहे: "मार्जिन ठेवूक होया."

मार्जिन म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. बाकीचे शिंपी अर्धा इंच ठेवतात, इनासबाब दोन-अडीच इंच. त्याच्याकडे शिवलेली शाळेची चड्डी पाचवीत घातली की आठवीपर्यंत उसवत उसवत जाते. माझ्या लग्नातला ब्लाउज मला आजही होतो, आणि त्यात माझं काही कर्तृत्व नाही. मार्जिन फक्त कापडात ठेवून तो थांबला असता तर ठीक होतं. पण तो वेळेतही मार्जिन ठेवतो. सहाला जायचं असेल तर "पाचाक ये" म्हणून सांगतो. गावाला हे पाठ झालंय, त्यामुळे तो पाच म्हणाला की लोक बिनदिक्कत सहाला येतात आणि सगळं वेळेवर होतं.

या माणसाने मागच्या वर्षी गणपती गेल्यावर, दुसऱ्याच आठवड्यात, माझ्या काउंटरवर दोन्ही हात टेकून जाहीर केलं, "बाय, धामापूरच्या तळ्याभोवती शंभर किलोमीटर सायकल. एका दिसात. नाताळाच्या सुटयेत. तू पण आसस."

मी झेरॉक्सचं झाकण उघडंच ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.

याला कारण होतं त्याचा झील, सावियो. इनासबाबाचा हा एकुलता एक मुलगा इंग्लंडमध्ये कुठल्याशा मोठ्या गोदामात काम करतो. इनासबाबाचा फोन साधा, म्हणून सावियोचे फोटो माझ्या फोनवर येतात आणि मी ते रंगीत छापून भिंतीपलीकडे देते. त्या आठवड्यात आलेल्या फोटोत सावियो सायकल धरून एका भल्या मोठ्या तळ्याकाठी उभा होता, गळ्यात बिल्ला. खाली लिहिलं होतं: तळ्याभोवती शंभर किलोमीटर पूर्ण.

इनासबाबाने फोटो उजेडात धरला. "कमर दोन इंच कमी झाली हा," तो म्हणाला. मग बराच वेळ तळ्याकडे बघत राहिला. "तळा काय तेंच्याकडेच आसा?"

आणि त्याच संध्याकाळी निरोप आला की सावियो या नाताळला येतोय, तीन वर्षांनी.

तीन वर्षांपूर्वी सावियो आला होता तो बारा दिवस. आईला, म्हणजे मार्थाबाईंना, जाऊन वर्ष झालं होतं, त्याच्या चर्चमधल्या मिसेला. ते बारा दिवस मी दुकानात बसून पाहिलेत. दोन दिवस पासपोर्टच्या कामाला मुंबई, तीन दिवस गोव्यात मित्राचं लग्न, मग वैभववाडीला कुणा दोस्ताकडे, मग परत गोवा. भाड्याची गाडी दारात यायची आणि जायची. इनासबाबाला मुलासाठी पँट शिवायची होती आणि माप काही मिळत नव्हतं. शेवटी निघायच्या दिवशी, गाडी चालू, सावियोचा एक पाय आत आणि एक पाय बाहेर, अशा अवस्थेत त्याने त्याच्या कमरेला टेप लावली. "पप्पा, उशीर होता," सावियो म्हणत होता. "श्वास सोड," इनासबाब म्हणत होता. पँट शिवून पार्सलने पाठवली. ती ढगळ झाली.

"ह्या येळेक तेचा माप नीट घेवचा आसा," इनासबाब मला म्हणाला. मला वाटलं पँटीबद्दलच बोलतोय.

मग तयारी सुरू झाली, आणि त्याच्यासारखीच ती सुरू झाली. त्याने दुकानाच्या भिंतीवर खाकी कागदाचं तळं कापून लावलं. टाचण्यांनी. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो टेपच्या टोकाने समजावून सांगू लागला. "ही कमर. हय देऊळ. ही बाही, डोंगरात शिरलेली. आणि हय, काखेत, कापड कमी पडता." काख म्हणजे दाजींची सुपारीची बाग. तळ्याला वळसा घालणारी वाट वाडीतून, कातळावरून, काजूंमधून येते आणि नेमकी दाजींच्या दगडी गडग्यापाशी संपते. मध्ये एक व्हाळ, मग पुन्हा वाट सुरू.

होम-स्टेवाला संतोष हा आमच्यातला खरा सायकलवाला. गिअर, हेल्मेट, कोपराला गाद्या, सगळं त्याच्याकडे आहे. त्याने कागदाचं तळं बघून डोकं धरलं. "इनासबाब, मालवण ते देवगड आणि परत! शंभर किलोमीटर चोख. डांबरी रस्तो, बाजूक दर्या, आचऱ्याक चाय. हय तळ्याभोवती काय आसा? डांस?"

"तळ्याभोवतीच," इनासबाब म्हणाला.

"पण कित्याक?"

"तळ्याभोवतीच."

एरवी तो काजाचं भोक आडवं का आणि उभं का यावर अर्धा तास बोलतो. या प्रश्नावर मात्र एकच शब्द, आणि तोही दोनदा. संतोष चिडून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला, कारण त्याला राहवत नव्हतं. गावात कुणालाच राहवत नव्हतं. चहाच्या टपरीवर, गिरणीत, बँकेच्या रांगेत एकच प्रश्न: इनास टेलर सायकलीर बसतलो काय?

आता फेरी किती लांबीची ते मोजायला हवं होतं. संतोष म्हणाला, फोनवर कळतं. इनासबाबाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू त्याने तयार कपडे आणले होते. "माप माणसान घेवचा आसता," तो म्हणाला. त्याने टेपने चाकाचा घेर मोजला, सत्याऐंशी इंच. एका काडीला लाल फीत बांधली. आणि सायकल हाताने ढकलत, फीत वर आली की एक, असं मोजत तो तळ्याभोवती निघाला. शंभर फेरे झाले की डाव्या खिशातलं एक बटण उजव्या खिशात.

पहिल्या दिवशी तीन हजारांवर कुणीतरी "इनासबाब, जेवलास?" विचारलं आणि आकडा गेला. दुसऱ्या दिवशी अठराशेवर गेला. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडून एक पाटी छापून घेऊन गेला. गळ्यात टेपच्या वर लटकवायला, मोठ्या अक्षरांत: 'मोजणी चालू आहे. बोलू नये.'

ही पाटी छापताना माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे. आमच्याकडे 'मोजणी' हा शब्द उच्चारला की म्हातारी माणसंसुद्धा अंथरुणातून उठून गडग्याशी येऊन उभी राहतात. सरकारी मोजणी आली म्हणून वाडीभर बोभाटा झाला. दोन सख्ख्या भावांनी पंधरा वर्षं मिटलेलं बांधाचं भांडण उकरून काढलं. एकाने रातोरात हलवलेला दगड दुसऱ्याने भर दुपारी परत हलवला. आणि इनासबाब पाटी दाखवत, एक शब्दही न बोलता, सगळ्यांच्या मधून चाक मोजत निघून गेला. त्याच्या त्या गप्प राहण्याने तर लोकांची खात्रीच पटली.

आकडा मात्र मिळाला. पन्नास बटणं. म्हणजे दाजींची बाग धरून एक फेरी अकरा किलोमीटरांची, थोडी वर. नऊ फेऱ्यांचे साडेनव्याण्णव.

"अर्धो कमी," संतोष म्हणाला.

"माज्यार सोड," इनासबाब म्हणाला. "नव फेरे. मी फेरेक एक बटाण देतलंय. नव बटणां झाली की शंभराक काय कमी पडूचा नाय."

पण दाजी बिथरले होते. तळ्याभोवती रिंगरोड येणार आणि त्यात आपली बाग जाणार, असं त्यांनी त्या पाटीवरून ठरवून टाकलं होतं. आम्ही तिघं गेलो तेव्हा ते गडग्यावर काठी आडवी धरून बसले होते.

"माज्या बागेतसून सायकली? उद्या म्हणशीत, आगगाडी न्हेतंय!"

"दाजी," इनासबाब म्हणाला, "ह्या तळ्यातली देवी एकेकाळी लोकांक लग्नाक सोन्याचे दागिने देय. नुसत्या इस्वासार. आणि तू धा सायकली सोडणंस नाय?"

"आणि कोणीतरी परत करूक नाय, म्हणान तिना देवचे बंद केल्यान. मी तिच्यापेक्षा शाणो. मी पयल्यापासूनच देणंय नाय."

झालं. नोव्हेंबर संपत आला तरी काखेत कापड कमीच. संतोषने पुन्हा देवगडचा विषय काढला. इनासबाबाचं मशीन दोन दिवस गप्प होतं आणि माझ्या काउंटरवरची पेनं जागच्या जागी पडून होती. मला ती शांतता अजिबात आवडली नाही.

तिसऱ्या दिवशी तो एकटाच दाजींकडे गेला. मी मागून गेले, कारण मलाही राहवत नव्हतं. "मी वाट मागूक येवक नाय," तो ओट्याशी उभा राहून म्हणाला. "तुज्या चेडवाचो साखरपुडो आसा मां? तुज्या पुतण्याच्या लग्नात मी तुका प्यांट शिवलेली. ती होता काय बघूक इलंय."

दाजींचा चेहरा पडला. होत नव्हती. अकरा वर्षांत दाजी चहूबाजूंनी वाढले होते. कुडाळच्या दोन शिंप्यांनी त्यांच्या बाकीच्या पँटींना हात जोडले होते, कारण आत सोडायला कापडच नव्हतं. इनासबाबाने ती जुनी पँट मागवली, उलटी केली, शिवण उसवली. आत अडीच इंच कापड, कोरं करकरीत, अकरा वर्षं वाट बघत बसलेलं. त्याने ओट्यावर बसून हातशिलाई मारली. दाजींनी पँट चढवली. उभे राहिले, खाली बसले, परत उभे राहिले, परत बसले.

"बटाण तुटला नाय!" दाजी आतल्या माणसांना ओरडून म्हणाले. मग इनासबाबाकडे वळून, "वाट किती रुंद होयी?"

आठ दिवसांत दाजींनी पडलेल्या दोन पोफळी तोडून व्हाळावर स्वतः साकव घातला. वर बांबूचा कठडाही केला. रिंगरोड झाला!

मग जर्सी. सावियोच्या फोटोत जशी होती तशी, पाठीला तीन खिसे. कापड शाळेच्या युनिफॉर्मचं उरलेलं, आकाशी. कॉलर त्याने आपल्या मनाची लावली, आणि पुढे एक पेनाचा खिसा. आम्ही दहा जण स्वार, दहा जर्सी, आणि प्रत्येकीत आत दुमडलेलं बोटभर कापड. "फुडल्या वर्साक पण होवक होयी," तो म्हणायचा. मी माझ्या मुलीची जुनी लेडीज सायकल दुरुस्त करून घेतली आणि रोज पहाटे तिठ्यापर्यंत चालवू लागले. माझ्या नवऱ्याने पहिल्या दिवशी हसून घेतलं. चौथ्या दिवशी तो मागच्या चाकात हवा आहे का ते बघू लागला.

सावियो आला. नाताळ झाला, नेवऱ्या-दोदोलचा फराळ घरोघर वाटून झाला. आणि दुसऱ्याच दिवशी भाड्याची गाडी दारात आली. सावियो गोव्याला चालला होता. "परवा सांजेक येतंय पप्पा," तो म्हणाला. फेरी त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची होती.

ते दोन दिवस इनासबाबाने नऊ जर्सींना इस्त्री केली. दहावी, सावियोची, मशीनवर तशीच, खालची पट्टी मारायची बाकी. "मारून टाक की," मी म्हटलं. "येवंदे. उंची बघूक होयी," तो म्हणाला. ठरलेल्या दिवशी पाच वाजले. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की त्याचा पाय मशीनच्या पायट्यावरून उचलला जायचा, आणि गाडी निघून गेली की परत खाली यायचा. मी माझ्या दुकानात बसून सावियोला मनातल्या मनात अशा काही शिव्या घातल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत. पावणेसहाला गाडी आली. टपावर गिअरची सायकल बांधलेली. कार्टं सायकल भाड्याने आणायला गेलं होतं! मी टाळ्याच वाजवल्या. इनासबाबाने सावियोला उभं केलं, मानेपासून टेप सोडली, आणि मशीन असं सुरू झालं की माझ्याकडची दोन पेनं खाली पडली.

फेरीची वेळ त्याने सगळ्यांना सांगितली होती साडेपाच. साहजिकच आम्ही सगळे साडेसहाला भगवतीच्या देवळापाशी जमलो. तळ्यावर धुकं होतं, आणि पायऱ्यांवर बापलेक बसलेले. मध्ये नेवऱ्यांचा डबा, अर्धा रिकामा.

"कधी इलास रे?" मी सावियोला विचारलं.

"साडेपाचांक, आंटी. पप्पान सांगल्यानी तसो. पण कोणच नाय हय!"

"लोक येळार येणत नाय, माका काय म्हायत!" इनासबाब म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका निष्पापपणा मी कधी पाहिला नव्हता. हे मार्जिन तो गेली तीस वर्षं स्वतःच ठेवत आला होता.

येताना त्याने वाटेवरच्या खुरसाजवळ, म्हणजे क्रुसापाशी, मेणबत्ती लावली होती, आणि आता नारळ देवीपुढे. गाऱ्हाणं घालायचा मान दाजींनी मागून घेतला. उसवलेल्या पँटीत, पोट पुढे काढून, ते तळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

"बा देवी भगवती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"आज ह्यो इनास टेलर ही सगळी पोरां घेवन तुज्या तळ्याक फेरे घालूक इलो हा. तेंका सांभाळून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची ट्यूब फुटा नये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि उतारार कोणाचो ब्रेक सुटलोच, तर तेका बाजूच्या गवतात घाल, माज्या पोफळींत नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तळ्यावरची बदकं उडाली.

"आणि ह्या इनासाच्या मनात जो काय हेतू आसात, तो तडीस ने म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. आतापर्यंत सगळ्यांत मोठा आवाज इनासबाबाचा होता. या वेळी तो मान खाली घालून टेपची गुंडाळी करत होता.

आणि मग आम्ही निघालो. दहा आकाशी कॉलरी! संतोष पुढे, त्याच्यामागे सावियो, मी सगळ्यांत शेवटी, साखळी करकरत. मी वळून पाहिलं. सगळा गाव बघत होता. इनासबाबाने आपल्या सायकलचं स्टँड काढलं, घंटी वाजवली, आणि सायकल डाव्या हाताला धरून शांतपणे चालू लागला. मागे गावाने जो सुस्कारा टाकला तो मला पहिल्या वळणापर्यंत ऐकू आला.

माझी पहिली फेरी सव्वा तासाची झाली. कातळावर धापा, काजूंत चढ, दाजींच्या साकवावर डोळे मिटून, आणि मग उतार! सेहेचाळीसाव्या वर्षी मी उतारावर 'ऊ' करून ओरडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. देवळाच्या थोडं पुढे वाटेत इनासबाब दिसला. त्याने न थांबता खिशातून एक बटण काढून माझ्या तळव्यावर ठेवलं. शर्टाचं साधं पांढरं बटण. मला कुणी सोन्याचं नाणं दिलं असतं तरी एवढा आनंद झाला नसता.

दुसऱ्या फेरीत मी त्याला गाठलं ते कातळावर, एका काजूच्या सावलीत. दगडावर बसला होता. मी पण उतरले आणि त्याच्या बाटलीतलं कोकम प्यायले. तो माझ्याशी बोलत होता, पण नजर मागच्या वळणावर.

"दमलास काय?" मी विचारलं.

"नाय गे. सावियो येवची येळ झाली."

आणि खरंच, वळणावर आकाशी ठिपका दिसला. इनासबाब झटकन उठून वाटेवर उभा राहिला, हातात बटण घेऊन. सावियो आला, पाय टेकला, बटण घेतलं. "पप्पा, चौथा! मस्त वाट आसा ही!" दोन घोट कोकम प्यायला आणि गेला. इनासबाब तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

"आता परत पाऊण तासान," तो म्हणाला. मग मी काही न विचारताच, "बाय, देवगडचो रस्तो सरळ. सरळ रस्त्यान गेलेलो माणूस एकदाच दिसता, तो पण पाठमोरो. तळ्याभोवती गेलेलो फिरान हयच येता. खंय जातलो?"

मी बाटलीचं झाकण लावत राहिले. माझी मुलगी कॉलेजला रत्नागिरीला असते, दर रविवारी फोन करते.

दुपारी देवळाच्या पायऱ्यांवर संतोष फोन घेऊन ओरडत आला. "गडबड आसा! माजी बटणां सहा. सहा फेऱ्यांचे सहासष्ट होवक होये. फोन सत्त्याहत्तर दाखवता!" बराच वेळ डोकं खाजवल्यावर त्याच्या लक्षात आलं. इनासबाब एका जागी नव्हताच. तो स्वतः पुढे पुढे चालत होता, त्यामुळे प्रत्येक बटणासाठी आम्हाला फेरीहून जास्त अंतर कापावं लागत होतं. नऊ बटणं म्हणजे जवळजवळ दहा फेऱ्या. संतोष तसाच परत सायकलवर बसून जाब विचारायला गेला. उत्तर काय मिळालं ते आम्हाला पायऱ्यांवर बसूनच ठाऊक होतं. मार्जिन!

पण एक गोष्ट संतोषने शेवटची फेरी संपवून आल्यावर सांगितली. सावियो मागे पडला होता. पाचव्या बटणाला तो बापाजवळ पाच मिनिटं थांबला. सहाव्याला बसून नेवरी खाल्ली. सातव्याला सायकल आडवी टाकून दगडावर गप्पा मारत बसला. "आसो फेरी मारतत काय?" संतोष म्हणाला. तो पहिला आला, साडेचारला, आणि दाजींनी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

पाच वाजून गेले. माझ्या तीन फेऱ्या केव्हाच झाल्या होत्या आणि गुडघे बोलत होते. तरी मी पाण्याची बाटली घेऊन, सायकल हातात धरून, उलट दिशेने दाजींच्या बागेत शिरले. इनासबाबाची एक फेरी पुरी व्हायला आता फक्त बाग उरली होती.

पोफळींच्या मधून ते दोघे येताना दिसले. इनासबाब डाव्या हाताला सायकल धरून, आणि त्याच्या शेजारी सावियो, तोही खाली उतरून, आपली गिअरची सायकल ढकलत. नववं बटण त्याने जर्सीच्या पेनाच्या खिशात टाकलं होतं. साकवावर दोन सायकली शेजारी शेजारी मावेनात, म्हणून सावियो थांबला, आणि त्याने बापाला पुढे जाऊ दिलं.

"पप्पा," तो मागून म्हणाला, "तुका सायकल येता काय नाय, खरा सांग."

"येता तर. तुजी आवस, मार्था, चेडू होती तेव्हापासून येता."

"मगे बस मां! सकाळपासून चलतंस. हयसून देऊळ दोन मिंटां."

इनासबाब साकव उतरला आणि सावियो यायची वाट बघत उभा राहिला. सावियो आल्यावर दोघे परत चालू लागले.

"बसलंय तर बेगीन पोचतलंव, दोन मिंटांतच," इनासबाब म्हणाला.

मी पाण्याची बाटली त्यांना दिली नाही. चप्पल तुटल्याचं निमित्त करून मी गडग्यावर बसले आणि दोघांना पुढे जाऊ दिलं.